मदत हवी आहे: कायद्यातले अपवाद आणि परंतुकं प्रोग्रॅममध्ये कशी बसवावीत?

नमस्कार मंडळी,

मी प्रोग्रॅमर आहे, कायद्याचं शिक्षण घेतलेलं नाही. मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या एका गटासाठी भाडेकरूंच्या प्रश्नांना उत्तरं देणारं साधन बनवतोय. जागा रिकामी करायची नोटीस हातात पडली की माणूस आधी एकच विचारतो: माझ्याकडे किती दिवस आहेत? हे उत्तर चुकलं तर मुदत निघून जाते आणि मग चांगल्या वकिलालाही फारसं काही करता येत नाही. त्यामुळे 'बहुतेक वेळा बरोबर' माझ्या कामाचं नाही.

अडचण नेमकी कळावी म्हणून नमुन्याच्या दोन तरतुदी रचल्या आहेत. खरा कायदा घेतला की चर्चा त्या कायद्याकडेच वळते.

कलम ४. जागा रिकामी करून घेण्यापूर्वी घरमालक भाडेकरूस ३० दिवसांची लेखी नोटीस देईल. परंतु, सलग दोन महिन्यांचे भाडे थकले असल्यास नोटिशीची मुदत १५ दिवस असेल.

कलम ११. कलम ४ मध्ये काहीही अंतर्भूत असले तरी, थकबाकीस वाजवी कारण असल्याचे भाडेकरूने दाखवल्यास नोटिशीची मुदत ४५ दिवसांपेक्षा कमी असणार नाही.

आधी हा सगळा मजकूर भाषा-मॉडेलला (चॅटजीपीटीसारख्या) दिला. "दोन महिन्यांचं भाडं थकलंय, मी रुग्णालयात होतो" असं विचारल्यावर उत्तर आलं १५ दिवस, सोबत कलम ४ च्या परंतुकाचा अचूक हवाला. कलम ११ त्याच मजकुरात होतं, त्याचा उल्लेखही नाही. प्रश्नाची वाक्यरचना थोडी बदलली तर ४५ दिवस. एकदा तर समर्थनार्थ एक निकाल दिला, जो शोधून कुठेही सापडला नाही.

मग 'जर-तर' च्या साखळ्या लिहिल्या. त्या चालतात, पण कुठल्या कलमातून कुठली ओळ आली हे थोड्याच दिवसांत मलाच कळेनासं झालं. एखादी दुरुस्ती आली की अख्खी साखळी उसवायची.

ज्यांनी कायद्याचे नियम संगणकावर आणले आहेत त्यांनी सांगावं: अपवाद मांडायची रूढ पद्धत कोणती? 'वाजवी कारण' सारख्या शब्दांचं काय करायचं? आणि भाषा-मॉडेल पूर्ण बाजूला ठेवू, की त्याला कुठे जागा आहे?

तर्करेषा

या प्रश्नावर बरंच जुनं काम आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या गटाने ब्रिटनचा १९८१ चा राष्ट्रीयत्व कायदा प्रोलॉग या तर्कनियमांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला, त्याचा लेख १९८६ मध्ये आला. उत्तर कुठल्या नियमांवरून निघालं ती वाट त्यात उलगडून दाखवता येते. तुमच्या साधनात सर्वात आधी हे हवं. "४५ दिवस" एवढंच नको, "कलम ११ लागू, म्हणून परंतुकातले १५ बाजूला" हेही छापून यायला हवं.

अपवादांसाठी 'काताला' ही कायदे कोडमध्ये मांडायची प्रोग्रॅमिंग भाषा बघा. फ्रान्सच्या इनरिया संस्थेत सुरू झालेली आहे, २०२१ मध्ये तिच्यावरचा मुख्य लेख आला. तिच्यात मूळ नियम एकदा लिहायचा आणि अपवाद वेगळा, कायद्याने तो जिथे ठेवला आहे तिथेच. कलमाचा मूळ मजकूर आणि त्याचा कोड एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी राहतात, म्हणजे वकील आणि प्रोग्रॅमर एकत्र बसून ओळीमागून ओळ तपासू शकतात. दुरुस्ती आली की तेवढाच तुकडा बदलायचा.

तुमच्या नमुन्यात एक गोष्ट निसटायची शक्यता आहे. परंतुक मुदत *ठरवतं*: १५ दिवस. कलम ११ मुदत ठरवत नाही, ते तळ घालून देतं. करारातच ६० दिवस लिहिले असतील तर कलम ११ मुळे ते ४५ होणार नाहीत. म्हणून कलम ११ ला दुसरा अपवाद समजून "मुदत = ४५" लिहू नका. आधी बाकीच्या नियमांनी मुदत काढा, मग ती आणि ४५ यांतली मोठी घ्या.

कलमवाचक

मी वकिली करतो, कोडबद्दल बोलत नाही. 'वाजवी कारण' मशीनला ठरवू देऊ नका. कायदा करणाऱ्यांनी तो शब्द मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो, परिस्थिती बघून न्यायाधीशाने ठरवावं म्हणून. साधनाने दोन्ही उत्तरं दाखवावीत: कारण मान्य झालं तर किमान ४५, नाही झालं तर १५, आणि तोवर १५ धरूनच हालचाल करा. घाबरलेल्या माणसाला याचाच उपयोग होतो.

दुसरं, 'माहीत नाही' आणि 'नाही' यांची गल्लत करू नका.

तर्करेषा

@कलमवाचक, अगदी. प्रोलॉगमध्ये जे सिद्ध होत नाही ते खोटं धरलं जातं, आणि कायद्यात पुराव्याचा भार कोणावर आहे यावर सगळं फिरतं. ऑस्ट्रेलियातलं रोबोडेट प्रकरण, म्हणजे सरकारी भत्त्यांची संगणकाने काढलेली वसुली, याचंच आहे. भत्ता ठरायचा त्या त्या पंधरवड्यातल्या प्रत्यक्ष कमाईवर, पण यंत्रणेने वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत समान वाटून थकबाकी काढली आणि ती चूक आहे हे सिद्ध करायचं ओझं भत्ता घेणाऱ्यांवर टाकलं. २०२३ च्या शाही आयोगाच्या अहवालात ते सविस्तर आहे. आकडेमोड बिनचूक होती, पण कायद्याने सांगितलेली नव्हती. म्हणून प्रत्येक वस्तुस्थितीला हो, नाही आणि अज्ञात अशा तीन किमती ठेवा.

शोधयात्री

भाषा-मॉडेलला जागा आहे, पण दारात. माणूस आपली हकीकत गोंधळलेल्या भाषेत सांगतो. तिच्यातून 'भाडं किती महिन्यांचं थकलं', 'नोटीस लेखी होती का' हे वेचायला ते उत्तम. वेचलेलं वापरणाऱ्याकडून पक्कं करून घ्या आणि पुढचा निर्णय नियमांवर सोडा.

निकालांच्या हवाल्यांचं काम तर त्याच्या आठवणीवर कधीच सोडू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. निकालांचा संग्रह जोडला की प्रश्न सुटतो असंही नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अशी जोडणी असलेली, वकिलांसाठी विकली जाणारी साधनं तपासली, तर १७ ते ३३ टक्के वेळा उत्तरात भ्रम, म्हणजे चुकीची किंवा खोट्या आधाराची माहिती, निघाला.

साध्या शोधावरही विसंबू नका. ब्लेअर आणि मॅरन यांचा १९८५ चा अभ्यास जरूर वाचा. सुमारे ४०,००० दस्तऐवजांत शोधणाऱ्या वकिलांना वाटत होतं की कामाची ७५ टक्के कागदपत्रं हाती आली. प्रत्यक्षात आली होती जेमतेम २० टक्के.

आणि तारखा! नोटीस ज्या दिवशी दिली त्या दिवशी कलम कसं होतं, हे मिळायला हवं. कायद्याच्या आवृत्त्या नोंदवण्यासाठी 'अकोमा न्तोसो' हे एक्सएमएल मानक आहे, ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये मान्य केलेलं. सगळं वापरायची गरज नाही, पण प्रत्येक कलमाला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' आजच जोडून ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. तळ आणि ठराविक मुदत यांतला फरक माझ्या लक्षातच आला नसता. 'जर-तर' ची साखळी काढून टाकतोय. गटातल्या एक वकीलबाई कोड बघायला शेजारी बसायला तयार आहेत, त्यामुळे काताला वापरून बघतो. तीन किमती आणि तारखा आजच घालतो.

एक राहिलं: 'वाजवी कारण' साठी नुसती दोन उत्तरं दाखवण्यापेक्षा जुन्या निकालांची मदत देता येईल का?

कलमवाचक

येईल, फक्त टक्केवारी देऊ नका. १९८० च्या दशकात अ‍ॅश्ली आणि रिसलँड यांनी व्यापारी गुपितांच्या खटल्यांसाठी हायपो ही प्रणाली बांधली. ती निकाल वर्तवत नाही, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मांडते: हा जुना खटला तुमच्यासारखा का, आणि समोरचा वकील तो वेगळा कसा ठरवेल. तुम्ही आजारपण, पगार थांबणं, घरमालकाला वेळीच कळवलेलं असणं असे घटक ठरवा आणि प्रत्येक निकालाला ते माणसाकडून लावून घ्या. सुरुवातीला वीसेक निकाल घ्या. घटकांची यादी इथेच टाका, मी तपासून देतो.