एका फोटोत अख्खी गोष्ट मावते का?

नारायणपेठी
गेल्या रविवारी पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात एका हौशी ग्रुपचं फोटो प्रदर्शन पाहिलं. स्पर्धेचा विषय 'एक फोटो, पूर्ण गोष्ट'. अट अशी की फोटोखाली अक्षरही लिहायचं नाही. पहिलं बक्षीस मिळालेला फोटो: भर पावसात लकडी पुलाचा कठडा, त्याला टेकून सत्तरीचे एक आजोबा. डोक्यावर काळी छत्री, काखेत दुसरी, मिटलेली, फुलाफुलांची, उघड उघड बायकी. नजर डेक्कनकडे. मागून गेलेल्या बसचा नुसता लाल पट्टा उमटलाय.

फोटो सुरेख आहे, वाद नाही. पण गोष्ट कुठे आहे? गोष्टीला आधी आणि नंतर लागतं. इथे फक्त 'आत्ता' आहे. त्या आजोबांचं पुढे काय झालं हे फोटोलाही ठाऊक नाही. माझं स्पष्ट मत: एका फोटोत पूर्ण गोष्ट सांगता येते हा फोटोग्राफीच्या क्लासवाल्यांनी पसरवलेला गोड गैरसमज आहे. फोटो कोडं घालतो. उत्तर एकतर पाहणारा रचतो, नाहीतर खालची ओळ देते.

जगात गाजलेलं उदाहरण घ्या. १९९३ साली फोटोग्राफर केव्हिन कार्टरने सुदानमध्ये काढलेला फोटो: उपासमारीने जमिनीवर वाकलेलं मूल आणि मागे थोड्या अंतरावर बसलेलं गिधाड. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो मार्चमध्ये छापला आणि वाचक एकच विचारत सुटले, त्या मुलाचं काय झालं? चार दिवसांत पेपरला त्यावर संपादकीय टीप छापावी लागली. पुढच्या वर्षी फोटोला पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं बक्षीस, मिळालं. ज्या मुलाला सगळे मुलगी समजत होते तो मुलगा होता आणि त्या दिवशी वाचला होता, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली. गोष्ट पूर्ण होती तर लोकांनी फोन आणि पत्रं कशाला केली?

फ्रेमवेडा
सपशेल असहमत. चांगली लघुकथा वाचल्यावरही लोक 'पुढे काय झालं' विचारतातच की. म्हणून ती अपुरी ठरते का? 'पूर्ण'चा अर्थ तुम्ही 'सगळी माहिती' असा घेताय. तशी माहिती पंचनाम्यात मिळते.

आणि आधी-नंतर फोटोत नसतं हे कुणी सांगितलं? फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा १९३२चा पॅरिसमधला फोटो आठवा, सँ-लाझार स्टेशनच्या मागचा. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, टाच पाण्याला टेकायला अगदी बोटभर बाकी. आता खाली बघा. पाण्यात एक शिडी आडवी पडलीय आणि तिच्याभोवती तरंगांची वर्तुळं आहेत. म्हणजे त्याने शिडीवरून उडी घेतली, आत्ताच. हे झालं 'आधी'. आणि समोर पाणी किती पसरलंय ते दिसतंच आहे, हा गडी भिजणार. हे झालं 'नंतर'. वर कहर म्हणजे मागच्या भिंतीवर एका नर्तकीचं पोस्टर, तीही झेप घेतलेली. खाली ओळ नसली तरी काय अडलं?

नारायणपेठी
अहो, ती घटना झाली. माणूस डबकं ओलांडतो आणि बूट भिजतात. तो कोण, कशासाठी धावतोय, भिजल्यावर त्याचं काय बिघडलं, यातलं काही कळतं? 'गडी भिजणार' एवढ्यावर गोष्ट झाली म्हणायचं तर पावसाळ्यात आमच्या गल्लीत रोज कथासंग्रह निघतो.

कोथरूडकरीण
मीही ते प्रदर्शन पाहिलं. आजोबा पुणेरी असतील तर दुसरी छत्री दुरुस्तीला निघालीय, विषय संपला. (हलकेच घ्या.)

पण गंमत सांगते. सासूबाई आणि लेक दोघं बरोबर होते. सासूबाई बघून लगेच म्हणाल्या, "गेली असेल हो त्यांची. छत्री तेवढी राहिली." लेक म्हणाला, "आजी बसमधून उतरतायत, आजोबा न्यायला आलेत." एकच फोटो, एकाची गोष्ट संपल्यावरची, दुसऱ्याची सुरू व्हायच्या आधीची. दोघंही शंभर टक्के ठाम. मला तरी वाटतं फोटो जिंकलाय तो इथे. खाली ओळ असती तर दोघांपैकी एकाची गोष्ट फुकट गेली असती.

डार्करूम
@कोथरूडकरीण, भारी!

तांत्रिक अवांतर: बसचा पट्टा उमटलाय म्हणजे शटर मंद होतं, सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग वगैरे. तेवढ्या वेळात उभा माणूसही किंचित हलतो. आजोबा खणखणीत शार्प आलेत ते कठड्याला टेकल्यामुळे. म्हणजे ज्या टेकण्यामुळे ते ताटकळलेले वाटतात, त्याच टेकण्यामुळे फोटो जमलाय. काढणाऱ्याला हे कळत असणार. नशिबाने मिळालेली फ्रेम नाही ही.

जुनी शाई
आयुष्य पेपरच्या डेस्कवर गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुम्ही दोघं भांडताय ते फोटो गोष्ट सांगू शकतो की नाही यावर. माझ्या मते सांगतो, फारच चांगली सांगतो, आणि पंचाईत तिथेच आहे. पाहणाऱ्याला ती पुरी वाटते आणि तो पुढचं काही विचारत नाही.

१ फेब्रुवारी १९६८, व्हिएतनाम युद्धातलं सायगाव. फोटोग्राफर एडी ॲडम्सचा फोटो. दक्षिण व्हिएतनामचा पोलिसप्रमुख न्गुयेन न्गोक लोन हात लांब करून एका हात बांधलेल्या, साध्या कपड्यातल्या कैद्याच्या डोक्यात गोळी घालतोय. कैद्याचा चेहरा वेडावाकडा झालाय. गोष्ट एका नजरेत कळते: राक्षस आणि बळी. कुणालाही ओळ लागली नाही. पण शहरात त्या वेळी टेट हल्ल्याची, म्हणजे कम्युनिस्टांनी टेट सणात केलेल्या चढाईची, धुमश्चक्री चालू होती, कैदी त्यांच्याच व्हिएतकाँग बंडखोरांपैकी होता आणि त्याने आधी माणसं मारली होती असं दक्षिणेकडच्यांचं म्हणणं होतं, हे फ्रेमच्या बाहेर राहिलं. लोनने केलं ते योग्य होतं असं मी म्हणत नाही. कैद्याला रस्त्यात गोळी घालणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. पण ॲडम्सला १९६९चं पुलित्झर मिळालं आणि तरी तो जन्मभर त्या फोटोवर नाराज राहिला. फोटो अर्धसत्य सांगतो, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. लोन पुढे अमेरिकेत जाऊन व्हर्जिनियात पिझ्झाचं दुकान चालवत होता. तिथेही लोकांनी त्याला त्या एका फोटोवरूनच ओळखलं.

म्हणून डेस्कवर आमचा शिरस्ता होता: फोटोओळीत कोण, कुठे, कधी आलंच पाहिजे. फोटोग्राफर कितीही कुरकुरला तरी. ओळ म्हणजे फोटोचा अपमान असं समजणारी पोरं मी पुष्कळ पाहिली.

चष्मिष
@जुनी शाई, ओळीवर एवढा भरवसा नको, काका. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा १९३६चा फोटो, कॅलिफोर्नियातली स्थलांतरित आई, गालाला हात, दोन पोरं खांद्याआड तोंड लपवून. लँगने बाईचं नावही विचारलं नव्हतं. सोबतच्या हकिगतीत मात्र लिहिलं की यांनी पोटासाठी गाडीचे टायर विकले. ती बाई कोण हे १९७८मध्ये जगाला कळलं. नंतर तिच्या मुलाने सांगितलं, टायर विकणार कुठून, आमच्याकडे विकायला टायर होतेच कुठे? म्हणजे थाप फोटोने मारली नव्हती, शब्दांनी मारली होती.

जुनी शाई
मान्य, खोटी ओळ फोटोपेक्षा वाईट. म्हणून तर ओळ तपासायला डेस्क असतो. फोटो तपासायला कोण असतो?

लेणीवाला
हा सगळा घोळ कॅमेऱ्याचा आहे, चित्राचा नाही. अजिंठ्याला पहिल्या लेण्यात महाजनक जातक बघा, बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या राजाची गोष्ट. एकाच भिंतीवर राजा पुन्हा पुन्हा भेटतो: राणीशेजारी बसलेला, साधूचं ऐकणारा, राज्य सोडून निघालेला. मध्ये चौकट नाही, रेघ नाही. एका चित्रात पूर्ण गोष्ट म्हणजे ती. कॅमेऱ्याला एकच राजा, एकदाच दिसतो. मग त्याच्याकडून भिंतीचं काम का मागायचं? चार-सहा फोटोंची मालिका करा ना. ही एका फोटोची हौस मला तर स्पर्धांची सोय वाटते. परीक्षकांना भराभर निकाल लावता येतो.

मुठाकाठ
नारायणपेठी, तुम्ही पेठेतले, तरी तुम्हाला उदाहरण सुचू नये? दर पावसाळ्यात एक फोटो फिरतो: मुठेवरच्या बुटक्या भिडे पुलावरून पाणी चाललंय, कठडे बुडालेत, नदीपात्रात कुणाची तरी गाडी टपापर्यंत पाण्यात. एक शब्द नसतो. पण पुणेकराला काय काय कळतं बघा. घाटमाथ्यावर दोन-तीन दिवस झोडपतोय, खडकवासला धरण भरलं, विसर्ग वाढवला, पात्रातला रस्ता बंद, आज डेक्कनला जायला लकडी पुलावर कोंडी. आणि गाडीवाल्याने सूचना ऐकली नाही. कारण, घटना, परिणाम, शिवाय एक मूर्ख पात्र. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला पानशेत धरण फुटलं ती १२ जुलै १९६१ची सकाळ आठवते आणि पानशेतपुराण सुरू होतं, ते जेवणापर्यंत.

हाच फोटो नागपूरच्या मावसभावाला पाठवला. उत्तर आलं, "नदीला पाणी आलं वाटतं." झालं.

दिवेघाट
वारीत फोटो काढणारा एक. दिवे घाटात आता वारकऱ्यांइतकेच कॅमेरे असतात. कड्यावर जागा धरायला लोक पहाटेच येतात. तिथे ऐकू येतं: "आजी, तुळस जरा वर धरा. हसू नका, वर बघा." ती बिचारी चहा मिळतो का ते बघत असते. नंतर त्या फोटोत 'भक्तीची पूर्ण कहाणी' असते. गोष्ट आधी ठरवायची आणि मग तिला माणूस शोधायचा, हे एका फोटोत सगळं सांगायच्या अट्टहासातून आलंय. बाकी चालू द्या.

फ्रेमवेडा
लबाडी करणारे असतात म्हणून कला खोटी ठरत नाही. मला उलट पुण्यातलंच उदाहरण द्यायचंय. १९४६मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइटने 'लाइफ' या अमेरिकन मासिकासाठी गांधीजींचा काढलेला फोटो, चरख्यासोबतचा, तो इथला, पुण्याचा. फोटो काढण्याआधी तिला सूत कातायला शिकावं लागलं होतं. पुढे अख्खा चरखा, मागे जमिनीवर बसलेले गांधीजी. एका माणसाचं सगळं राजकारण त्या चौकटीत आहे. यात काय कमी आहे सांगा.

कोथरूडकरीण
फोटो न उघडता सांगा बरं, गांधीजी त्यात काय करतायत?

फ्रेमवेडा
सूत कातताहेत. चरख्याचाच फोटो आहे.

कोथरूडकरीण
वाचतायत. हातात कागद आहेत, चरखा पुढ्यात नुसता उभा आहे. आमच्या घरी तिघांना विचारलं, तिघंही "कातताहेत" म्हणाले.

फ्रेमवेडा
आत्ता पाहिला. बरं. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. कातताना न दाखवताही त्या फोटोने कातणं दाखवलं. याहून जास्त गोष्ट ती कुठली?

नारायणपेठी
दाखवलं कुठे, तुम्हीच घातलंत त्यात! गांधी आणि चरखा आपल्या डोक्यात आधीपासून होते. हत्येनंतर 'लाइफ'ने तो श्रद्धांजलीत वापरला आणि मग तो सगळीकडे गेला, तेव्हा तर जगाला गोष्ट तोंडपाठ होती. भिडे पुलाचंही तेच. मुठाकाठ, उदाहरण फर्मास आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. धरण, विसर्ग, कोंडी हे सगळं तुम्ही घरून नेलंत. फोटोने फक्त 'आज' एवढंच कळवलं. नागपूरच्या भावाने ते घरून आणलं नव्हतं, म्हणून त्याला पाणी दिसलं.

मुठाकाठ
मग कीर्तनाला काय म्हणाल? समोरच्या प्रत्येकाला आख्यान पाठ असतं. शेवट ठाऊक नाही म्हणून कुणी जात नाही. तरी गोष्ट सांगितली असंच म्हणतो ना आपण? श्रोता जे घरून आणतो त्यावरच सांगणारा उभा असतो. फोटोला तेवढी सवलत का नाही?

नारायणपेठी
कारण बुवा पूर्वरंग, उत्तररंग करत दोन तास घसा फोडतात आणि नवख्यालाही गोष्ट कळेल अशी सांगतात. नागपूरचा मावसभाऊ कीर्तनाला बसला तर आख्यान समजून उठेल.

डार्करूम
बुवांचं शेवटी ताटही फिरतं. आमचा फोटो लोक विचारल्याशिवाय उचलतात आणि वर विचारतात, काका, वॉटरमार्क काढून मिळेल का?