डॉक्समध्ये ‘आहे’चं ‘है’ का होतंय?

पेठकर: गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग, क्रोम, ब्लूटूथ हेडसेट. ‘आहे’चं ‘है’ आणि ‘कसबा पेठ’चं काहीबाही उमटतं. काय तपासू?

कोथरूडकर: माइकच्या चौकोनावरची भाषा बघा, हिंदी असणार. मेन्यूची भाषा बदलून उपयोग नाही, ती वेगळी. मग हेडसेट काढाच. त्याचा माइक सुरू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं, आवाजाचा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला किती नमुने घेतले जातात तो) बहुधा 8 किंवा 16 किलोहर्ट्झवर उतरतो, आवाजातले बारकावे गळतात. ‘श-स’ची गल्लत तिथूनच. वायरचा माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला धरा, म्हणजे ‘प-फ-भ’ची फुंकर लागत नाही.

डेक्कनवाला: शब्द तोडून बोलू नका, अख्खं वाक्य सांगा, मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज बांधला जातो. पेठांची नावं तरीही चुकतील, ती शेवटी कंट्रोल-एचने एकदम बदला.

पेठकर: हिंदीच होती!