मदत हवी आहे: ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाची मोलॅलिटी खरंच ५०० येते का?

नमस्कार मंडळी. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिच्या गणितात अडकलोय. संहत सल्फ्युरिक आम्ल, वजनाने ९८ टक्के, घनता १.८४ ग्रॅम प्रति मिलि, रेणुवस्तुमान ९८.

मोलॅरिटी (१ लिटर द्रावणात आम्लाचे किती मोल; १ मोल म्हणजे रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम, इथे ९८) सरळ निघाली: १ लिटर म्हणजे १८४० ग्रॅम द्रावण, त्यात आम्ल १८०३.२ ग्रॅम, त्याला ९८ ने भागून १८.४. बाटलीवरही साधारण १८ लिहिलेलं असतं, त्यामुळे इथपर्यंत शंका नाही.

घोळ मोलॅलिटीत (१ किलो द्रावकामागे किती मोल) आहे. १०० ग्रॅम द्रावणात ९८ ग्रॅम आम्ल, म्हणजे १ मोल, आणि पाणी फक्त २ ग्रॅम. १ भागिले ०.००२ किलो, उत्तर थेट ५००! एकाच बाटलीला १८.४ आणि ५००? सूत्राप्रमाणे बरोबर, पण पचत नाही. इथे जास्त प्रमाणात आम्लच आहे, मग द्रावक त्यालाच मानायचं का? तसं केलं तर पाण्याची मोलॅलिटी १.१३ येते. परीक्षेत कोणतं धरायचं?

दुसरं, नॉर्मॅलिटी (मोलॅरिटी गुणिले आम्लाच्या प्रत्येक रेणूतले अभिक्रियेत वापरले जाणारे हायड्रोजन). कॉस्टिक सोड्याशी पूर्ण उदासिनीकरण असेल तर दुप्पट, ३६.८, हे समजलं. पण अभिक्रिया सोडियम बायसल्फेटपाशीच थांबली (म्हणजे एकच हायड्रोजन वापरला गेला) तर १८.४ च ना? प्रश्नात अभिक्रिया दिलीच नसेल तर काय गृहीत धरतात?

०.१ मोलरचं ५०० मिलि द्रावण करायला २.७२ मिलि आम्ल लागेल असं काढलंय, तेही कुणीतरी तपासा. (आम्ल पाण्यात ओतायचं, उलट नाही, हे माहीत आहे!) शिकवणाऱ्यांनी पायऱ्यांसकट सांगितलं तर फार बरं होईल.