मार्लो मॉस आणि दुहेरी रेषेचे श्रेय

धागाकर्ता : मार्लो मॉस (१८८९–१९५८) या इंग्लंडमधील अगदी सुरुवातीच्या अमूर्त चित्रकारांपैकी एक, तरीही त्यांचे नाव निघाले की चर्चा लगेच पीट मोंद्रियान या काळ्या रेषांच्या चौकटी रंगवणाऱ्या डच अमूर्त चित्रकाराकडे वळते. १९२७ मध्ये पॅरिसला गेलेल्या मॉस यांनी फ्रेंच चित्रकार फर्नां लेजे यांच्याकडे शिक्षण घेतले, मोंद्रियान यांच्या चित्रांचा प्रभाव स्वीकारला आणि १९३१ च्या सुमारास एका काळ्या रेषेच्या जागी दोन समांतर रेषा योजल्या. पुढच्याच वर्षी मोंद्रियान यांच्या चित्रांतही दुहेरी रेषा आली. गुरूने शिष्येकडून उचलल्याची ही कथा सांगायला सोपी आहे. पण मॉस यांचे मोठेपण तिच्यावर उभे केले, तर त्यांचे सारे काम दुसऱ्याच्या चरित्रातली तळटीप होऊन बसते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ : मी पूर्णपणे असहमत आहे. दुहेरी रेषा ही केवळ ‘आधी कोणी’ याची शर्यत नव्हती. एकच रेषा पृष्ठभागाचे सुटे तुकडे पाडते, तर जोडरेषेमुळे त्या तुकड्यांमधली लय अखंड राहते, हा त्यामागचा विचार होता, आणि तो मॉस यांचा स्वतःचा होता. तो वगळलात तर उरेल ती एक निष्ठावान अनुयायी. शिवाय पुराव्याचे काय? नॉर्मंडीतील त्यांचे घर १९४४ मध्ये बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले आणि तिथली चित्रे नष्ट झाली. त्या स्वतः इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील लॅमॉर्नाला राहिल्या. कलावंतांचे गाव सेंट आइव्ह्ज तिथून फार दूर नव्हते, पण तिथले चित्रकार बेन निकल्सन आणि शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांच्या वर्तुळात त्यांना जागा मिळाली नाही. इतके सगळे हरवल्यावर, जी कथा वाचकाला त्यांच्या चित्रापर्यंत आणते, तीही टाकून द्यायची?

प्रतिसाद २ : निकल्सन यांचा उल्लेख झालाच आहे म्हणून सांगतो. त्यांनी मोंद्रियान यांच्या चित्रशाळेला भेट दिली ती १९३४ मध्ये. मॉस त्याआधीच, १९३१ पासून, ‘आब्स्त्राक्सिआँ-क्रेआसिआँ’ या पॅरिसमधील अमूर्त कलावंतांच्या गटाच्या संस्थापक सदस्य होत्या. इंग्रजी कलेतिहासाने ‘आद्य’ अमूर्त चित्रकार हे बिरुद मात्र निकल्सन यांच्या पदरात टाकले. माझा राग मोंद्रियान यांच्यावर नाही, या इतिहासावर आहे.

धागाकर्ता : राग रास्त आहे, पण त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही. १९४० च्या ‘व्हाइट विथ रोप’ या कामात मॉस यांनी पांढऱ्या पृष्ठावर चक्क दोर लावला, म्हणजे रंगवलेल्या रेषेलाच वस्तू केले. पुढे त्या शिल्पाकडे वळल्या आणि कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटवर गनमेटल या काशासारख्या मिश्रधातूचे आकार तोलून धरले. मोंद्रियान अखेरपर्यंत कॅन्व्हासवरच राहिले. दोरापासून ग्रॅनाइटपर्यंतच्या या वाटेबद्दल बोलायला लागलो, तर दुहेरी रेषा आधी कोणी काढली हे विचारण्याची गरज कोणाला पडेल?

प्रतिसाद १ : मला पडेल, कारण त्या दोराची सुरुवात मला जोडरेषेतच दिसते.