मदत हवी आहे: मलायात लढलेल्या चुलत आजोबांची लष्करी नोंद कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझे चुलत आजोबा (घरात सगळे बापू म्हणत) दुसऱ्या महायुद्धात खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (पूल-रस्ते बांधणारी आणि उडवणारी पलटण) होते. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. १९४० ला भरती, मग मलाया (आताच्या मलेशियाचा भाग), आणि घरी परतले ते थेट १९४६ च्या सुगीला. मधे पत्र नाही, मनीऑर्डर नाही. घरच्यांनी आशा सोडली होती.

गावात ते 'आझाद हिंदवाले बापू'. आता ग्रामपंचायत फलक लावतेय, त्यावरही तसंच लिहिणार आहेत. खरं असेल तर आनंदच आहे. पण ट्रंकेत जे निघालं ते या गोष्टीशी जुळत नाही.

डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्लंय. नाव आणि नंबर वाचता येतो, कंपनीचा आकडा गेलाय. सोबत दोन पदकं. त्यातला एक सहा टोकांचा तारा, वर 'पॅसिफिक स्टार' अशी अक्षरं, मागची बाजू कोरी. पेन्शन शेवटपर्यंत येत होती. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांनी कधी अर्ज केला नाही, वडिलांनी दोनदा सुचवूनही.

बापू कमी बोलत. वडिलांना आठवतं ते एवढं: रबराच्या मळ्यांतून रात्रंदिवस मागे हटायचं, पूल उडवायचा, पुढच्या पुलावर जायचं. आपल्याकडे रणगाडा एकही नव्हता, त्यामुळे घरघर ऐकू आली की जपानीच. एका पुलाला सुरुंग लावून तयार होते, तर जपानी अधिकाऱ्याने तलवारीने तारा तोडल्या आणि रणगाडे पार झाले. कैदेतलं एकच सांगत: बोटीतून लांब एका बेटावर नेलं, तिथे झाडाच्या खोडातला साबुदाणा खाऊन जगलो.

मी वाचलं त्यावरून ८ डिसेंबर १९४१ ला जपानी कोटा भारूला उतरले, तीन-चार दिवसांत जित्राला ११ व्या भारतीय डिव्हिजनची फळी फुटली आणि ७ जानेवारीला स्लिम नदीवर तीच डिव्हिजन रणगाड्यांनी मोडली. पुलाची हकिकत तिथली वाटते. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. पुढचं कसं शोधायचं?

खडकीवाला:
आधी लंडनचा नाद सोडा. शिपायांचे कागद तिकडे नाहीत, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. तुमच्या बाबतीत बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, खडकी. नंबर शाबूत आहे हे नशीब. अर्ज वडिलांच्या नावाने करा आणि साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवा. पेन्शनचा जुना कागद असेल तर तोही जोडा.

तारा कोरा आहे हे मात्र जरा तपासा, आपल्या शिपायांच्या ताऱ्यांवर मागे नाव-नंबर घालत असत.

जुनी_पानं:
तलवारीची गोष्ट स्लिम नदीचीच. लेफ्टनंट वातानाबेचं नाव त्यात येतं. पण म्हणून बापू त्या पुलावर होते असं धरू नका. साडेतीन वर्षं कैदेत माणसं एकमेकांना हेच सांगत बसलेली, ऐकलेलं आणि पाहिलेलं सहज मिसळतं.

आझाद हिंदचं बघा. १७ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूरच्या फरर पार्कवर सुमारे ४५ हजार भारतीय सैनिक जपानी मेजर फुजिवारापुढे उभे केले, आझाद हिंद फौज उभारणाऱ्या मोहन सिंगांनी सामील व्हायचं आवाहन केलं. बरेच गेले, बरेच नाही गेले. जे गेले नाहीत त्यांतल्या हजारोंना मजुरीसाठी न्यू गिनी, न्यू ब्रिटनकडे नेलं. साबुदाण्याचं झाड तिकडचं मुख्य अन्न आहे (मलायातही असतं, त्यामुळे नुसत्या त्यावर जाऊ नका). युद्धानंतर इंग्रजांनी परतलेल्यांचे 'व्हाइट' (निष्ठावंत ठरलेले), 'ग्रे' (मधले), 'ब्लॅक' (आझाद हिंदचे कट्टर) असे गट पाडले. ब्लॅकना बडतर्फ केलं, ग्रेंना सेवेतून कमी केलं. पेन्शन चालू राहिली, पदक मिळालं, म्हणजे बापू व्हाइट असावेत असा माझा कयास. डिस्चार्ज बुकात सेवामुक्तीचं कारण लिहिलेलं असतं, ते पान वाचता येतंय का?

आणि माझं मत विचाराल तर, उपासमारीत मजुरी करून जिवंत परतलेल्या माणसाला फलकावर दुसऱ्या नावाची गरज नाही.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. कारणाचं पान अर्धं चिकटलंय, ओढलं तर फाटेल. पुण्यात जुने कागद सुटे करून देणारं कोणी माहीत आहे का? सरपंचांना फलकाचा मजकूर थांबवायला सांगितलंय, ते म्हणाले २६ जानेवारीपर्यंत काय ते कळवा. अर्ज या आठवड्यात जातोय. न्यू गिनीहून ऑस्ट्रेलियन सैन्याने सोडवलेल्या भारतीय कैद्यांचे फोटो कॅनबेराच्या युद्धस्मारकाकडे आहेत म्हणे. त्यांत नंबरावरून शोधता येतं का, की एकेक चेहरा बघत बसायचं?