भावाला ३०७ मध्ये (खुनाचा प्रयत्न, आताचं १०९) अटक झालीय. जामिनासाठी आधी काय करू?

चिंचवडवाली
नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव सांगली जिल्ह्यातलं. मी चिंचवडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. रविवारी रात्री सव्वादहाला आईचा फोन आला, "धाकट्याला नेलं गं." पाण्याच्या पाळीवरून चुलत चुलत्यांशी वाजलं. दादा गेल्यापासून त्या बांधावर दर उन्हाळ्यात शिव्यागाळी व्हायचीच, यंदा ज्याच्या हातात जे होतं ते चाललं. खोटं लिहिणार नाही, भावाने मारलंय, फावड्याच्या दांड्याने, पायावर. डोक्यात बसली ती कुऱ्हाड, आणि ती आमच्या मोठ्या चुलतभावाच्या हातात होती. तो फरार आहे. फिर्यादीत मात्र "दोघांनी मिळून" असं आहे. चुलते मिरजेला आयसीयूत आहेत. भावाच्याही डोक्याला चार टाके पडलेत, पण ते कुठल्याच कागदावर नाहीत.

कलमं १०९, ११८(२), ३५२, ३(५). सोमवारी कोर्टात उभं केलं, शुक्रवारपर्यंत पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी. आई डबा घेऊन गेली तर तिच्या हातात त्याचा करदोडा, पट्टा आणि बुटाच्या नाड्या दिल्या. करदोडा कशाला काढतात हे तिला कोणी सांगितलं नाही. ती ते काहीतरी अभद्र समजून बसलीय आणि तेव्हापासून जेवत नाही.

गावातला एक जण म्हणतो, वीस हजार द्या, शुक्रवारीच बाहेर काढतो. वकील म्हणतात, घाई करू नका. कोणाचं ऐकू? आणि चुलतीला जाऊन भेटू का? लहानपणी शाळेतून आलं की तिच्याच चुलीपाशी बसायचो आम्ही.

जुना_शिरस्तेदार
ताई, करदोडा गळफासाच्या भीतीने काढतात. सगळ्यांचाच काढतात. आईंना आधी एवढं सांगा आणि त्यांना जेवायला घाला.

वीस हजारवाल्याला दारातूनच वाटेला लावा. १०९ मध्ये जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि केस सेशनची. अशात खालच्या कोर्टाचा हात आखडलेला असतो. शुक्रवारी कोठडी संपली की पोलीस आणखी पीसीआर मागतील नाहीतर एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी होईल. एमसीआर झाल्याशिवाय जामिनाला अर्थ नाही. मग सेशनला अर्ज, कलम ४८३, पूर्वीचं ४३९. सरकारी वकील आणि पोलिसांचा 'से' (लेखी म्हणणं) येतो, त्यालाच दोन-तीन तारखा जातात. तुमचे वकील बरोबर सांगताहेत.

शुक्रवारी मात्र दोन गोष्टी कोर्टासमोर झाल्याच पाहिजेत. भावाने स्वतः तोंडाने सांगायचं, "साहेब, मला मार लागलाय," आणि वकिलांनी लगेच वैद्यकीय तपासणीचा अर्ज द्यायचा. ते चार टाके आज कागदावर आले नाहीत तर दोन महिन्यांनी त्यांना कोणी विचारणार नाही. दुसरं, अटकेची कारणं लेखी दिली होती का ते बघा. वरळीच्या गाडी अपघाताच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलंय की ती आरोपीला कळेल अशा भाषेत, लेखी, आणि रिमांडच्या निदान दोन तास आधी मिळाली पाहिजेत.

चिंचवडवाली
आईला सांगितलं. अर्धी भाकरी खाल्ली. कारणांचा कागद कुणी बघितलेला नाही, वकिलांना विचारते.

पायरीवरचा_मामा
पोरी, मी वकील नाही. माझा भाचा ११७ दिवस कळंब्याच्या जेलात होता, गुन्हा हाच, तेव्हा ३०७ म्हणायचे. चपला झिजवून कळलंय तेवढं सांगतो.

आधी चुलतीचं. जाऊ नकोस. मला कळतं तुला का जावंसं वाटतंय. माझी बहीण गेली होती, ओटी भरायचं सामान घेऊन, पाया पडायला. दुसऱ्या दिवशी पुरवणी जबाबात आलं की आरोपीची आई घरी येऊन केस मागे घ्या म्हणून दबाव टाकते. सेशनला सरकारी वकिलाने तेच पान वाचून दाखवलं आणि अर्ज फेटाळला. बहिणीच्या मनात तसलं काही नव्हतं, पण कागदावर तसंच दिसतं. दवाखान्याच्या बिलाला पैसेसुद्धा पाठवू नकोस. बोलायचंच झालं तर पुढं, वकिलामार्फत. ही केस आपसात मिटवून खालच्या कोर्टात निकालात काढता येत नाही, समझोता झाला तरी हायकोर्टात जावं लागतं आणि तेही बघतात जखम किती, हत्यार काय.

आता खरी मेख. फिर्याद शब्द न् शब्द वाच. पोलिसांच्या पोर्टलवर एफआयआर चढते, नसेल तर कोर्टातून नक्कल घ्या. त्यात कुऱ्हाड नक्की कोणाच्या हातात लिहिलीय? जखमेच्या दाखल्यात किती जखमा आणि कुठल्या हत्याराच्या? तुझ्या भावाचा दांडा आणि पायावरची जखम वेगळी निघाली तर अर्जाचा सगळा जोर तिथंच लावायचा. आमच्या वकिलाने पहिल्या अर्जात "आरोपी निर्दोष आहे, घरचा एकुलता कमावता आहे" असली तीन पानं लिहिली होती. न्यायाधीशांनी उलटूनसुद्धा बघितलं नाही. दुसऱ्या वेळी फक्त जखमेचा दाखला पुढं ठेवला.

सेशनने नाही म्हटलं तर हायकोर्ट. माझ्या वेळी मुंबईच होती. रात्री महालक्ष्मी पकडायची, सकाळी सीएसएमटीला तोंड धुवायचं, बोर्डावर आपला नंबर ८७, संध्याकाळी कळायचं 'नॉट रीच्ड', म्हणजे नंबर आलाच नाही, परत रात्रीची गाडी. असं चार वेळा. तुम्हाला १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला बेंच झालंय. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळं तिथं. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी.

आणि दिवस मोज. पहिल्या रिमांडचा दिवस धरून नव्वद. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी अर्ज टाकायचा, जामीन हक्काचा. दुपारी टाकतो म्हणालात आणि बारा वाजता चार्जशीट आली की हक्क गेला.

जामीन मंजूर झाला की सगळे पेढे वाटतात. आम्हीही वाटले. त्यानंतर भाचा नऊ दिवस आतच. पन्नास हजाराचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचे दोन जामीनदार. पहिला मेव्हणा. त्याचा सात-बारा बघून कारकून म्हणाला, सोसायटीचा बोजा आहे हो. दुसऱ्याचं नाव उताऱ्यावर दत्तू आणि आधारवर दत्तात्रय. तो परत गेला तलाठ्याकडं. तिसऱ्याची जमीन तीन भावांत सामाईक. शेवटी माझ्या शेजाऱ्याची पगाराची स्लिप आणि एका आत्तीचा उतारा चालला. म्हणून आत्ताच, अर्जाच्या आधीच, दोन माणसं ठरवून ठेव. सात-बारा, ८-अ, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, फोटो, जमलं तर तहसीलचा ऐपत दाखला. त्यांनी आधी कुणाचा जामीन घेतलाय का ते कोर्ट लिहून घेतं, खोटं सांगायचं नाही. कोर्टाच्या आवारात पाच हजारात जामीनदार देणारे फिरतात, त्यांच्या सावलीला उभं राहू नको. बनावट उतारा सापडला तर भावावर आणखी एक गुन्हा.

नाशिककर_वकील
मामांचं बहुतेक बरोबर. थोडी भर. बीएनएसएसमध्ये (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता तुकड्यातुकड्यानेही मागता येतात, अशा केसमध्ये पहिल्या साठ दिवसांत. पण पुढं कोठडी लागू शकते एवढ्याच कारणाने जामीन नाकारता येत नाही, हे कलम ४८० च्या परंतुकातच आहे.

जामीनदारांना वेळ लागणार असेल तर अर्जातच तात्पुरता रोख जामीन मागा. पैसे भरून सुटका आणि चार आठवड्यांत जामीनदार, असा आदेश कोर्ट करतं. सुटकेचा आदेश जेलच्या पेटीत ठरलेल्या वेळेआधी पडला नाही तर ती रात्र आतच जाते, पण २०२३ पासून सुप्रीम कोर्टाच्या सूचना आहेत की आदेशाची प्रत ईमेलने तुरुंगात त्याच किंवा दुसऱ्या दिवशी गेली पाहिजे.

फी झेपत नसेल तर १५१०० वर, विधी सेवा हेल्पलाइनला, फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

फरार चुलतभावाला घरात आसरा देऊ नका. हे तुम्ही लिहिलं नाही, तरी सांगतोय.

चिंचवडवाली
सगळ्यांचे आभार. इतके दिवस लिहायला तोंड नव्हतं.

सेशनने एकदा फेटाळला. चुलते शुद्धीवर आले आणि जबाबात त्यांनी स्वतःच सांगितलं की डोक्यात मारणारा कोण. चार्जशीट ८४ व्या दिवशी आली, त्यात जखमेचा दाखला होता. भावाच्या टाक्यांचा कागदही शुक्रवारच्या अर्जामुळे निघाला होता, तो जोडला. दुसऱ्या अर्जावर मंजूर. मामा, जामीनदार माझी मावशी आणि कंपनीतल्या एक ताई. मावशीच्या उताऱ्यावर बोजा निघालाच, पण फेडलेला होता, फक्त नोंद कमी करायची राहिली होती. तुम्ही सांगितलं म्हणून महिनाभर आधी तलाठ्याकडून करून घेतलं होतं.

चुलतीकडं गेले नाही. परवा बाजारात समोर आली. दोघी थांबलो, आणि तीच आधी वळली.

अट अशी आहे की केस संपेपर्यंत तालुक्यात पाय ठेवायचा नाही, म्हणून भाऊ माझ्या खोलीवर आहे. दर रविवारी हजेरी. आदेशात "संबंधित पोलीस ठाणे" एवढंच लिहिलंय. ते गावाकडचं की इथलं? गावाकडचं असेल तर तालुक्यात जावं लागेल आणि तीच अट मोडेल.

नाशिककर_वकील
अंदाजाने जाऊ नका आणि चुकवूही नका. सोमवारीच वकिलांना सेशनला स्पष्टीकरणाचा छोटा अर्ज टाकायला सांगा, हजेरी चिंचवडच्या हद्दीतल्या ठाण्यात द्यावी म्हणून. तोवर येत्या रविवारी इथल्या ठाण्यात आदेशाची प्रत घेऊन जा आणि अर्जावर पोच घ्या. शिक्का, तारीख, वेळ, तिन्ही.

पायरीवरचा_मामा
आणि पोचेचा फोटो काढून ठेव. आमची एक हरवली होती.