दोन सिनेमांमध्ये सहा वर्षं : ताम्हाणेंची वाट नव्या पोरांना परवडेल का?

पडद्यामागचा
दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेचे दोन्ही सिनेमे मला मनापासून आवडतात हे आधीच सांगतो. 'कोर्ट' 2014 ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमधून दोन बक्षिसं घेऊन आला, मग सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार, मग ऑस्करसाठी भारताची एंट्री, आणि पुढचा 'द डिसायपल' यायला 2020 उजाडलं. आता फिल्म शिकणारी पोरं म्हणतात आम्हालाही असंच करायचंय, एक स्क्रिप्ट घेऊन वर्षानुवर्षं बसायचंय. अरे पण विवेक गोम्बर कुठून आणणार? त्या माणसाने 'कोर्ट' लिहिताना ताम्हाणेला महिन्याला पैसे दिले, सिनेमा प्रोड्यूस केला, वर वकिलाचं कामही केलं. असा मित्र नसेल तर ही वाट नाहीच. त्यापेक्षा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीकडे बघा, 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु', 'कासव', कमी पैशात सतत काम. नव्या माणसाने त्यांच्यासारखं करावं असं माझं ठाम मत आहे.

खर्जाचा_सा
अजिबात पटलं नाही. वेळ घेणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. 'कोर्ट'मधली सरकारी वकीलबाई आठवा, गीतांजली कुलकर्णी, खटल्यातल्या लोकशाहिराला वीस वर्षं आत टाका म्हणणारी तीच बाई लोकलने घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाक करते, आणि आपल्याला तिचा धड रागही करता येत नाही. हे लिहायला खालच्या कोर्टात जाऊन बसावं लागतं, कंटाळा येईपर्यंत. त्या शाहिराच्या, नारायण कांबळेच्या भूमिकेत वीरा साथीदार, स्वतः चळवळीतला माणूस, असे लोक शोधायलाच केवढा वेळ गेला असेल. आणि 'डिसायपल'मध्ये आदित्य मोडक खरा गाणारा आहे, नट घेऊन मागून आवाज टाकला असता तर नायकाचं, ख्याल शिकणाऱ्या शरदचं गाणं जिथे जिथे कमी पडतं ते ऐकू आलं असतं का? मला नाही वाटत.

भातुकली७
+१ पडद्यामागचा. भाव्यांचं तर वेगळंच, त्या मुळात समाजकार्यातल्या, 1985 च्या 'बाई' या छोट्या फिल्मपासून सुरुवात, आणि 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं तोपर्यंत तीसेक वर्षं काम चालूच होतं. खर्जाचा_सा, तुम्ही म्हणता तो अभ्यास त्यांच्याही सिनेमात आहेच की, नैराश्य काय असतं ते 'कासव'मध्ये किती नीट दाखवलंय.

खर्जाचा_सा
ताई, 'कासव'बद्दल वादच नाही. पण त्या सतत काम करत राहिल्या म्हणून त्यांचे सिनेमे लोकांपर्यंत पोचले का? आमच्या गावात त्यांचा एकही लागला नाही, कारण थिएटर मिळायची मारामार. 'कोर्ट' निदान लागला, पहिल्या आठवड्यात दुपारचा एक शो होता, तोही व्हेनिसचं नाव होतं म्हणून. परदेशातल्या फेस्टिव्हलशिवाय इथे छोट्या सिनेमाला कुणी विचारत नाही, आणि तिथे अर्धंकच्चं घेऊन जाता येत नाही. 'डिसायपल' तर व्हेनिसच्या थेट मुख्य स्पर्धेत होता, 2001 च्या 'मान्सून वेडिंग'नंतर पहिलाच भारतीय सिनेमा, पटकथेचं बक्षीस घेऊन आला.

पडद्यामागचा
आणि लागला कुठे? 2021 च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत थिएटरं बंद होती हे मान्य, पण तुम्हीच सांगा, एवढी ख्यातनाम वाट धरूनही ख्याल गायकीवरचा मराठी सिनेमा मराठी माणसाने मोबाईलवर बघायचा असेल तर नव्या पोराने सहा वर्षं कशाच्या भरवशावर काढायची? भाडं कोण भरणार?

भातुकली७
हाच तर मुद्दा आहे. एका सिनेमावर सगळं लावलं आणि तो फसला तर दुसरा करायला कोण पैसे देणार, आणि मुलींना तर घरचे एवढी वर्षं थांबूच देत नाहीत.

खर्जाचा_सा
भाड्याचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग पैशाची मागणी करा ना, लिहिण्याच्या काळात दिग्दर्शकाला महिन्याचे पैसे मिळतील अशी सोय सरकारने करावी, आपल्याकडचं अनुदान सिनेमा पुरा झाल्यावर मिळतं, तोवर माणूस कर्जात. एका गोम्बरने जे केलं ते दहा जणांसाठी व्हायला हवं. पोरांना 'घाई करा' असं सांगू नका एवढंच म्हणतोय.